घडणावळ कोणाची?



जुना दागिना मोडायला नेला की सराफ तो तराजूत टाकतो, घट धरतो, त्या दिवसाचा भाव लावतो आणि पैसे मोजून देतो. ज्या कारागिराने त्या दागिन्यासाठी दिवसेंदिवस डोळे फोडले त्याची घडणावळ या हिशेबात कुठेच येत नाही. ती आपण विकत घेतानाच बुडीत खाती टाकलेली असते. कोल्हापुरात, सराफांच्या गुजरीपासून हाकेच्या अंतरावर बसलेल्या श्रोत्यांना हे मी सांगायची गरज नाही. 

म्हणून आज मी मुद्दाम अशा दागिन्यांविषयी बोलणार आहे, ज्यांत मोडीत घालायला काहीच नाही. पितळ, कथील-शिशाचा मिश्रधातू, काचेचे खडे, काचेचेच मोती, प्लास्टिक. पाश्चात्त्य देशांत त्यांना कॉस्च्युम ज्वेलरी म्हणतात. साधारण १९२० ते १९७० या काळात पॅरिस, न्यूयॉर्क आणि प्रॉव्हिडन्स इथे घडलेले हे दागिने आज संग्राहक डोळ्यांत तेल घालून शोधतात, लिलावात बोली लावून घेतात. धातूची किंमत जवळजवळ शून्य, खड्याची त्याहून कमी. मग पैसे मोजतात ते कशाचे? निव्वळ घडणावळीचे, निव्वळ कल्पनेचे. आणि नेमक्या याच धंद्यात कल्पना लढवणाऱ्याचे नाव इतके बेमालूम पुसले गेले की ते पुन्हा शोधून काढायला अर्धे शतक गेले. ते कसे पुसले गेले आणि कसे सापडले, एवढाच माझा आजचा विषय.

आधी खड्याबद्दल थोडे. कारण खडा करणाऱ्यांची नावे मात्र टिकली, ही यातली पहिली गंमत. अठराव्या शतकात झॉर्ज फ्रेदेरिक स्ट्रास नावाचा आल्सेसचा माणूस पॅरिसला आला. शिसे मिसळलेली काच हिऱ्यासारखे पैलू पाडून त्याने अशी काही चमकवली की १७३४ मध्ये तो राजाचा जवाहिरा झाला. फ्रान्समध्ये काचेच्या खड्याला आजही त्याच्याच नावाने हाक मारतात. पुढे बोहेमियातल्या डॅनियल स्वारोव्हस्कीने खड्याला पैलू पाडणारे विजेवरचे यंत्र काढले आणि १८९५ मध्ये ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये, वाटेन्स या गावी कारखाना घातला. बोहेमियातलेच गाब्लोन्झ हे गाव मणी आणि खडे जगभर पाठवत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मन कारागिरांना हाकलून दिले गेले, तेव्हा त्यांनी बव्हेरियात जाऊन नवी वस्ती वसवली आणि तिचे नावही नॉयगाब्लोन्झ, म्हणजे नवे गाब्लोन्झ, असेच ठेवले. माणसे गाव सोडतात, धंदा सोडत नाहीत.

आता पॅरिसकडे जाऊ. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत काचेचे खडे घालणे म्हणजे खऱ्याची ऐपत नसल्याची कबुली होती. फॅशन डिझायनर कोको शानेलने ती लाज मोडली. खरे मोती आणि काचेचे मोती ती एकाच गळ्यात मिसळून घालायची आणि कुठले कुठले हे कुणाला सांगायची नाही. १९३२ मध्ये, जगभर मंदी असताना, याच बाईने अस्सल हिऱ्यांचा संग्रह काढून सगळ्यांना चकवले ते वेगळे. पण शानेलच्या नावाने आपण जे दागिने ओळखतो ते घडवले कोणी? काचेचे काम ग्रिप्वा या घराण्याच्या कर्मशाळेत होत असे. तारेच्या बारीक चौकटीत वितळलेली काच ओतून पाने-फुले तयार करायची ही त्यांची खासियत. मिन्याची रुंद पांढरी कडी आणि त्यांवरचे रंगीत खड्यांचे क्रूस हे काम फुल्को दि व्हेर्दुरा या सिसिलीच्या ड्यूकचे. पुढच्या पिढीत रॉबेर गूसेन्स आला. व्हेर्दुराने १९३९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्वतःच्या नावाचे दुकान काढले, म्हणून त्याचे तरी नाव पुसले गेले नाही.

शानेलची प्रतिस्पर्धी एल्सा स्कियापरेली. तिच्याकडे बटणे आणि पिना करणारा झाँ श्लुम्बर्जे नंतर न्यूयॉर्कच्या टिफनीत गेला आणि तिथे नावारूपाला आला. तिच्याच एका संग्रहात पारदर्शक प्लास्टिकच्या गळेसरीवर रंगीत धातूचे किडे चिकटवलेले होते. दुरून पाहिले तर किडे बाईच्या उघड्या मानेवरच चालत आहेत असे वाटावे. ती कल्पना झाँ क्लेमाँची. आणि ॲस्पिरिनच्या गोळ्यांसारख्या मण्यांची तिची प्रसिद्ध माळ? ती एल्सा त्रिओले हिने केली. घरात पैसा नव्हता. ती माळा करायची आणि तिचा जोडीदार, कवी लुई आरागाँ, नमुन्यांची पेटी घेऊन दुकाने पालथी घालायचा. पुढे हीच बाई फ्रान्सचा गोंकूर पुरस्कार मिळवणारी पहिली स्त्री ठरली. तिचे दागिने आपल्याला आठवतात ते बरेचसे ती मोठी लेखिका झाली म्हणून. नुसती माळा करत राहिली असती तर तिचे नाव आज मी इथे घेतले असते का, शंका आहे.

पॅरिसमध्ये निदान उमराव होते, कवी होते. अमेरिकेत होता कारखाना. खरी कथा तिथेच आहे.

मिरियम हॅस्केल हे नाव संग्राहकांत आज फार मोठे. इंडियाना राज्यातल्या टेल सिटी या लहान गावात १८९९ मध्ये जन्मलेली ही मुलगी न्यूयॉर्कला आली आणि १९२६ च्या सुमारास तिने एका हॉटेलात छोटे दुकान मांडले. बाई धंद्याला पक्की, नजर तेज. चांगले काय हे तिला क्षणात कळे. पण तिच्या नावाने ओळखले जाणारे बहुतेक दागिने तिने काढलेले नाहीत. ते फ्रँक हेसने काढले. हा माणूस आधी मेसीज या मोठ्या दुकानात काचेच्या कपाटांची सजावट करायचा असे सांगतात. हॅस्केलबाईंनी त्याला आपल्याकडे आणले आणि १९६० पर्यंत तो तिथेच राहिला. म्हणजे तीन दशकांहून अधिक काळ.

हेसचे काम हातात घेऊन पाहण्यासारखे आहे, म्हणून इथे थोडा थांबतो. खाली पितळेचा जाळीदार पत्रा, त्यावर जुन्या सोन्यासारखा मंद मुलामा. त्या जाळीच्या भोकांतून एकेक बारीक मोती, एकेक मणी, एकेक फूल तारेने ओवून पक्के केलेले. चिकटवलेले काही नाही. आणि मागे तारांची गाठ-गुंता दिसू नये म्हणून दुसरी जाळी बसवलेली. पुढून पाहिले तर दागिना, उलटा केला तरीही दागिना. ज्याने कधी मोत्यांची नथ तारेत गुंफली आहे त्याला यातले कष्ट बरोबर कळतील. मुरानो आणि बोहेमियाचे मणी, पॅरिसहून ग्रिप्वाची काच, आणि युद्धानंतर जपानी कारागिरांनी केलेले ओबडधोबड आकाराचे नकली मोती, हे सगळे हेसच्या टेबलावर येत असे. युद्धाच्या काळात माल येईना तेव्हा त्याने शिंपले, लाकूड, प्लास्टिक वापरले आणि त्यातही तितकेच चांगले काम केले. माझ्या मते हीच त्याची खरी परीक्षा होती.

आता गंमत अशी, की १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत हॅस्केलच्या दागिन्यांवर शिक्काच नसे. मग आज ते ओळखतात कसे? त्या जाळीवरून, त्या तारेवरून आणि लॅरी ऑस्टिनने कंपनीसाठी जलरंगात काढलेल्या जाहिरातींवरून. म्हणजे हेसची सही हेसच्या पद्धतीतच होती. शिक्का आला तो हॅस्केलच्या नावाचा. बाईंची प्रकृती बिघडली, १९५० मध्ये कंपनी भावाकडे गेली, तरी शिक्का त्यांचाच राहिला. हेस गेल्यावर रॉबर्ट क्लार्क आला, पुढे लॉरेन्स व्हर्बा आला, मिली पेट्रोन्झिओ आली, तरीही शिक्का तोच.

दुसरी मोठी पेढी ट्रिफारी. गुस्ताव्हो ट्रिफारी नेपल्सच्या सोनारघराण्यातला. लिओ क्रुसमन आणि कार्ल फिशेल हे त्याचे भागीदार विक्रीतले. तिघांना लोक काचेच्या खड्यांचे राजे म्हणत. राजांना कारागीर हवा होता. १९३० मध्ये, मंदी ऐन भरात असताना, त्यांना आल्फ्रेद फिलिप मिळाला. पॅरिसमध्ये शिकलेला, व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्ससारख्या पेढ्यांचे काम करणाऱ्या कर्मशाळेत अस्सल रत्ने हाताळलेला माणूस. तो १९६८ पर्यंत ट्रिफारीत राहिला. खऱ्या हिऱ्याला जेवढी नजर द्यायची तेवढीच त्याने काचेच्या खड्याला दिली. खडा डकवून टाकायचा नाही, आकड्यांत धरायचा. व्हॅन क्लीफची ती प्रसिद्ध जडणी, जिच्यात माणकांना धरणारा धातू वरून दिसतच नाही, तिचा भास त्याने लाल काचेत उतरवला. त्याचे मुकुटाच्या आकाराचे ब्रोच तर इतके खपले की आज जुन्या वस्तूंच्या बाजारात त्यांच्या नकलाच जास्त दिसतात. म्हणजे नकलीची नक्कल.

या फिलिपशी आपलेही एक नाते आहे. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी पॅरिसच्या जवाहिऱ्यांच्या घराण्यातला झाक कार्तिए हिंदुस्थानात आला आणि मोगली पद्धतीने पाना-फुलांच्या आकारात कोरलेली माणके, पाचू, नीलम यांच्या मोहात पडला. त्यातून कार्तिएचे ते हिरवे-लाल-निळे दागिने आले, जे फक्त राजेरजवाड्यांना आणि कोट्यधीशांना परवडत. फिलिपने त्याच आकारांची पाने साच्यातल्या काचेत ओतली आणि ती दुकानातल्या विक्रेत्या मुलीच्या पदराला, म्हणजे कोटाच्या कॉलरला, पोचवली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ट्रिफारीने याच घाटाची एक मालिका चक्क ‘मोगल’ या नावाने काढली. जयपूर-दिल्लीच्या कोरक्यांची नावे कार्तिएने कुणाला सांगितली नाहीत, ट्रिफारीने कार्तिएचे नाव सांगितले नाही. उधारी मोठी, पण खातेवहीत कुणाचीच नोंद नाही.

युद्ध आले. १९४२ पासून अमेरिकेत कथिलासारख्या धातूंवर निर्बंध आले, कारण ते शस्त्रांसाठी हवे होते. मग सगळ्या पेढ्यांनी चांदी वापरायला सुरुवात केली, वर सोन्याचा मुलामा. म्हणून त्या काळातल्या नकली दागिन्यांत धातू मात्र अस्सल आहे. युरोपातून खडे येणे थांबले, तेव्हा ट्रिफारीने ल्युसाइट या पारदर्शक प्लास्टिकचे पोट असलेले मासे, कोंबडे, बेडूक काढले. हे प्लास्टिक लढाऊ विमानांच्या टाकाऊ काचांचे होते अशी आख्यायिका विक्रेते रंगवून सांगतात. ऐकावी आणि सोडून द्यावी.

१९५३ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या शपथविधीच्या नृत्यसमारंभात त्यांच्या पत्नी मेमी यांनी ट्रिफारीने खास केलेले नकली मोत्यांचे दागिने घातले. अध्यक्षाच्या पत्नीने अशा प्रसंगी नकली दागिने घालावेत हे पहिल्यांदाच घडले. वर्तमानपत्रांत नाव आले ट्रिफारीचे. फिलिप कुठे होता? कामावर असणार.

आता कायद्याकडे येतो. इथे कृपया थोडे लक्ष द्या, कारण सगळ्या कथेची कळ इथे आहे. अमेरिकेत दागिन्याच्या घाटाचे पेटंट घेता येत असे. साडेतीन वर्षांचे, सात वर्षांचे किंवा चौदा वर्षांचे. पेटंट घ्यायचे तर अर्जात घाट काढणाऱ्या माणसाचे नाव द्यावेच लागे. तिथे कंपनी शोधक होऊ शकत नाही. म्हणून १९३० आणि ४० च्या दशकांत सरकारी कागदांत आल्फ्रेद फिलिपचे नाव शेकडो वेळा सापडते. पण नकलाकार त्याहून चपळ. पेटंट हातात पडेपर्यंत शेजारच्या गल्लीत स्वस्त नक्कल विकली जायची आणि मोसम संपून जायचा. शेवटी ट्रिफारीने चारेल नावाच्या कंपनीवर न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयात दावा लावला. पेटंटाचा नाही, कॉपीराइटचा. बचाव सरळ होता: हा काचेचा स्वस्त दागिना, यात कला कसली? १९५५ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की स्वस्त असला, यंत्रावर हजारोंनी निघत असला, तरी असा दागिना कलाकृती ठरू शकतो आणि त्याला कॉपीराइटचे संरक्षण मिळू शकते.

पुढे सगळ्या पेढ्यांनी दागिन्याच्या पाठीवर कॉपीराइटचा वर्तुळातला ‘सी’ उमटवायला सुरुवात केली. संग्राहकांना हा निकाल तोंडपाठ असतो, कारण तो वर्तुळातला ‘सी’ दिसला की दागिना १९५५ नंतरचा हे कळते. त्यांच्यासाठी ती तारीख सांगणारी खूण. मला मात्र ती वेगळ्याच गोष्टीची खूण वाटते. कॉपीराइटमध्ये नोकराने नोकरीत केलेल्या कामाचा कर्ता कायद्याने मालकच. कारागिराचे नाव कुठे लिहायची गरज उरली नाही. पेढ्यांनी पेटंटचा खर्च आणि खटाटोप सोडून दिला, आणि पेटंटच्या कागदांबरोबर डिझायनरांची नावेही सरकारी दप्तरातून नाहीशी झाली. ज्या निकालाने घडणावळीला कला म्हटले, त्याच निकालाने कलावंताला अनामिक केले.

पेटंटच्या कागदांवरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. कोरो ही या धंद्यातली अजस्र कंपनी, ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरात तिचा प्रचंड कारखाना. तिच्या पेटंटांवर ॲडॉल्फ कॅट्झ हे नाव इतक्यांदा येते की कितीतरी वर्षे संग्राहकांनी त्याला अमेरिकेतला सर्वांत सुपीक डिझायनर मानले. प्रत्यक्षात कॅट्झ हा घाट निवडणारा अधिकारी होता. काढणारे दुसरे होते. त्यांतला एक जीन व्हेरी, मूळ आडनाव व्हेरेक्किया, इटालियन स्थलांतरितांच्या वस्तीतला. ‘थरथरती कॅमेलिया’ हा कोरोचा १९३८ मधला गाजलेला दागिना त्याचा. फुलाखाली बारीक स्प्रिंग, बाई चालली की फूल हलते. सुदैवाने व्हेरी शंभरी ओलांडेपर्यंत जगला आणि लोक त्याला जाऊन विचारू शकले.

शिकागोच्या आयझेनबर्ग कंपनीची गोष्ट अशीच. ती खरे तर कपड्यांची कंपनी. पोशाखावर लावलेल्या खड्यांच्या पिना गिऱ्हाइके दुकानातून उपटून नेत, म्हणून त्या वेगळ्या विकायला काढल्या असे सांगतात. त्या पिनांतल्या कितीतरी रूथ कॅम्के या बाईंनी काढल्या. नोकरी आयझेनबर्गची नव्हे, त्यांना माल पुरवणाऱ्या न्यूयॉर्कच्या फॅलन अँड कॅपेल या कारखान्याची. म्हणजे नाव दोन पायऱ्या खाली गाडलेले. डिलिझा अँड एल्स्टर या कारखान्याच्या दागिन्यांवर तर शिक्काच नाही, फक्त दोऱ्याला कागदी चिठ्ठी असे. चिठ्ठी फाटली की कूळ गेले. कारखान्यातल्याच माणसाने उतारवयात जुने दागिने पाहून सांगितले, हे आमचे, हे आमचे नव्हे, तेव्हा ते ओळखले गेले.

आणि या डिझायनरांच्याही खाली कोण होते तेही सांगितले पाहिजे. अमेरिकी सरकारच्या बालविभागाने १९२२ मध्ये प्रॉव्हिडन्स आणि आसपासच्या गावांची पाहणी प्रसिद्ध केली. कड्या जोडणे, मणी ओवणे, माल पुठ्ठ्यावर लावणे ही कामे घरोघरी आया आणि लहान मुले करत होती. त्यांची नावे कुणी संग्राहक शोधणार नाही.

ज्याचे नाव टिकले असा एक माणूस हॉलिवूडमध्ये होता, युजीन जोसेफ. ऐतिहासिक चित्रपटात नटीच्या अंगावर चुकीच्या काळाचे दागिने दिसले की हा चिडायचा आणि बोलून दाखवायचा. मग चित्रपटवाल्यांनी त्यालाच काम दिले. दिव्यांच्या झोतात चमकून कॅमेऱ्याला त्रास होऊ नये म्हणून त्याने मंद, तांबूस मुलामा शोधला. शहाणपण असे की तो दागिने स्टुडिओंना विकायचा नाही, भाड्याने द्यायचा. मालकी त्याची, म्हणून नावही त्याचे. १९४८ मध्ये विमान अपघातात तो गेला आणि त्याच्या पत्नीने पुढे कित्येक दशके पेढी चालवली.

नावाला भाव असतो, पण कोणाच्या, हे १९९६ मध्ये कळले. जॅकलिन केनेडी यांच्या वस्तूंच्या लिलावात त्यांची तीन पदरी माळ आली. काचेचे मोती, अंदाजे किंमत पाचशे-सातशे डॉलर. गेली २,११,५०० डॉलरना. माळ घालणारीचे नाव जगाला ठाऊक होते. ओवणाऱ्याचे कुणी विचारले नाही.

आता आपल्याकडच्या धंद्याविषयी दोन शब्द आणि मी थांबतो. मुंबईत मालाडला इमिटेशन दागिन्यांचा केवढा धंदा चालतो हे आपण जाणता. हुपरीच्या चांदीकामाबद्दल तर मी काय सांगावे! आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो, की नोंदणी करता येईल असा घाट नोंदवला नाही आणि त्याच्या पन्नासाहून अधिक प्रती यंत्रप्रक्रियेने काढल्या, की त्यावरचा कॉपीराइट संपला. नोंदणी २००० सालच्या डिझाइन कायद्याखाली करायची. ती दहा वर्षे टिकते, आणखी पाच वाढवून मिळतात. पण ती होते मालकाच्या नावे, आणि घाट पगारी माणसाने काढला असेल तर मालक म्हणजे पेढी. कारागिराचे नाव त्यात येईलच असे नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. समोर बसलेल्या पेढीवाल्यांना माझी विनंती एवढीच, की उद्यापासून प्रत्येक नव्या घाटाच्या नमुन्याबरोबर एक कागद ठेवा. घाट कोणी काढला, साचा कोणी केला, खडे कोणी बसवले, कोणत्या साली. पावतीवर छापायची तुमची तयारी नसेल तर छापू नका, पण दप्तरात ठेवा. आणि घरी जुन्या डब्यात आजीची ठुशी, चिंचपेटी किंवा नुसती काचेच्या खड्यांची कुडी असेल, आणि ती कुणाच्या हातची हे सांगणारे कुणी अजून हयात असेल, तर या आठवड्यात त्यांच्याकडे जाऊन बसा, विचारा आणि लिहून घ्या.